चंपाकाकीचं प्रमाण

लालबागच्या चाळीत चंपा परब एकटी राहायची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण एप्रिल लागला की तिच्या दारात चपलांचा खच पडायचा. चाळीतल्या तीसेक घरांचा वर्षाचा मसाला तिच्या देखरेखीखाली भाजला जायचा. कुणाला लवंगी मिरची जास्त, कुणाच्या सासऱ्यांना त्रिफळ सोसत नाही, सगळं तिच्या डोक्यात. प्रमाण मात्र ती कुणाला सांगायची नाही. एवढी खुळी नव्हती ती!

दिवाळीनंतर तिच्या फुप्फुसात दोन गाठी निघाल्या. गाठ म्हटल्यावर बाईनं स्वतःच निकाल लावून टाकला. ऑपरेशनच्या आधी एकेकीला बोलावून जिचं तिचं प्रमाण कागदावर उतरवून दिलं. बायका ढसाढसा रडल्या. चंपाला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

गाठी काढल्या, तपासल्या. कॅन्सर नव्हताच.

"आजी, या गाठींची काळजी सोडा. आरामात ऐंशीच्या व्हाल," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी एक स्कॅन करू. फक्त मिरची भाजताना उठणाऱ्या खाटात बसायचं नाही."

ती बासष्टची. माणसं मरणाला घाबरतात. हिला पुढच्या अठरा वर्षांची धडकी भरली.

एप्रिल आला. बायका कागद घेऊन परस्पर मिरची गल्लीत गेल्या. गॅलरीत भाजणी सुरू झाली की कुणीतरी मायेनं ओरडायचं, "काकी, दार लावून घे गो!" आणि ती बंद दाराआड एकटीच बसून राहायची. फार एकटं वाटायचं तिला.

एका दुपारी खालच्या मजल्यावरची रुपाली वाटीत मसाला घेऊन आली. "बघ ना काकी, जमलाय का?"

चंपानं चिमूटभर जिभेवर ठेवला. तंतोतंत तिचाच. अभिमानानं तिच्या तोंडून निघून गेलं, "एकदम बरोबर झालाय."

"वाचले बाई! म्हणजे आता तुला त्रास द्यायलाच नको," म्हणत रुपाली उठली. चहालाही थांबली नाही.

तिची पावलं जिन्यात वाजली तशी चंपा धडपडत दारात आली. टाक्यांची जागा ओढली गेली, दम लागला. तरी खोटंच ओरडली, "रुपाली, धणे जरा कमी पडलेत गो! बस ये, सांगते!"

खालून हसत उत्तर आलं, "असू दे गं काकी, आमच्याकडे सगळ्यांना असाच आवडला!"