पेशी चिकटेपर्यंत

मायक्रोस्कोपखाली पेशी मेलेल्या दिसल्या, तेव्हा माझं मिरजेचं रिझर्व्हेशन चार दिवसांवर आलं होतं. माझी चार वर्षांची मुलगी मुग्धा तिथे आजीकडे होती. पाच महिने मी तिला पाहिलं नव्हतं.

ही २००४च्या उन्हाळ्यातली गोष्ट. तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीत, एका छोट्या कंपनीत मी पेशींची लॅब सांभाळायचे. मोडलेल्या हाडाला बसवायच्या टायटॅनियमच्या पट्ट्यांवर आम्ही कार्बनचा थर चढवत होतो, केसापेक्षाही पातळ. तो शरीराला चालेल का, याची पहिली परीक्षा साधी असते. थर दिलेली टायटॅनियमची चकती पेशींच्या डिशमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी पेशी तळाला चिकटून, लांबट पसरलेल्या दिसल्या तर पास. गोल होऊन तरंगल्या तर नापास. आमच्या सहाही डिशमध्ये गोलच.

"कार्बन इज द प्रॉब्लेम," मॅनेजर सुंदरम म्हणाले. "प्रोजेक्ट बंद करू या."

"सर, एकदा कोऱ्या चकत्या लावून बघते. तशाच धुतलेल्या, फक्त थर न दिलेल्या."

"पण शुक्रवारपासून तुमची लीव आहे ना?"

नव्या पेशी वाढवायलाच तीन दिवस लागणार होते, आणि ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी तिकीट कॅन्सल करून घरी फोन केला.

मुग्धा म्हणाली, "मग नवा फ्रॉक परत कपाटात ठेवू?"

"ठेव," मी म्हणाले.

कोऱ्या चकत्यांभोवतीही पेशी मेल्या. चकतीच न ठेवलेल्या डिशमधल्या मात्र ठणठणीत होत्या. म्हणजे कार्बन निर्दोष. टायटॅनियम शरीराला चालतं हे आधीच माहीत होतं, तेव्हा घोळ धुण्यात होता.

चकत्या धुवायचे रामचंद्रराव. मूळचे तंजावरकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण तमिळ हेलातलं. अख्ख्या ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारे तेवढेच.

"राव, साबणानंतर डिस्टिल्ड पाणी किती वेळा देता?"

"तीनदा देत होतो, अक्का. आता एकदाच. टँकरच येत नाही, तर डिस्टिल्ड कशाचं करू?"

पाण्यावाचून त्या वर्षी सगळं शहरच अडलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. धुण्याच्या रजिस्टरवर रोज सही माझीच.

शेजारच्या युनिटमधून राव दोन कॅन पाणी घेऊन आले. माझ्यासमोर चकत्या तीनदा धुतल्या. नव्या टेस्टच्या दुसऱ्या दिवशी पेशी थेट चकतीच्या कडेपर्यंत पसरलेल्या, एकमेकींना बिलगलेल्या. मी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही.

"सो, कार्बन ओके," सुंदरम म्हणाले.

"या परीक्षेत तरी, सर."

तीन आठवड्यांनी मिरजेला पोचले. मुग्धा आजीच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. जवळ यायला तिला संध्याकाळ झाली.

थराला दोष देण्याआधी धुणं तपासा, हे मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. रजा टाकण्याआधीच मी ते तपासलं असतं, तर तिकीट कॅन्सल करावं लागलं नसतं, हे मात्र स्वतःलाच.