परत आलेला बिल्ला

शिवदास भोईरने एकदा जुनी स्कूटर विकायला काढली होती. गिऱ्हाईक पैसे मोजायच्या बेतात असताना यानेच सांगितलं, की पावसाळ्यात सकाळी हिला ढकलावं लागतं. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. बायको मंदा दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. पण भाईंदरच्या शाळेत प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून बावीस वर्षं काढलेला माणूस तो. बाटलीला बारीकसा तडा असला तरी चिठ्ठीवर 'तडा आहे' असं लिहायचं आणि मगच ती कपाटात ठेवायची, ही त्याची शिस्त. ती घरीही सुटत नसे.

घर जवळच मुर्धा गावी. आईबापांची सगळी हयात मिठागरात गेली, आणि शिवदासला नाद लागला तो मिठागरातल्या जुन्या पितळी बिल्ल्यांचा. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला हजेरीचा एक बिल्ला असे, जुन्या रुपयाएवढा, वर भोक पाडलेला. सकाळी मुकादमाच्या खोपीतल्या खिळ्यावरून काढून कमरेला बांधायचा, संध्याकाळी परत अडकवायचा. बिल्ले सगळे सारखे, आणि वाचता येत होतं कुणाला? म्हणून बायका खिळ्याने मागच्या बाजूला आपापली खूण कोरायच्या. मिठागर बंद पडलं त्या दिवशी काहीजणींनी बिल्ला परत अडकवलाच नाही, तसाच घरी नेला. उरलेले डबाभर कोरे बिल्ले पुढे मुकादमाच्या मुलाने भंगारात काढले, ते शिवदासने भंगारवाल्याच्या तराजूतून उचलून आणले.

२००७ साली मुलगी ऋतिका त्याला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेली आणि लिलावाची एक साइट दाखवली. जुनी नाणी, तिकिटं, काड्यापेट्यांची लेबलं, लोक घरबसल्या विकतायत, घेतायत. शिवदास हरखून गेला. त्याने डब्यातले कोरे बिल्ले एकेक करून विकायला ठेवले. वर्णन कसं लिहायचा? 'काठाला खाच आहे. भोकाजवळ झीज. खालच्या अंगाला कल्हईचा पांढरा ठिपका.' ऋतिका म्हणायची, "पप्पा, तुम्ही विकताय की तक्रार करताय?" पण माल जायचा. घेणारे साइटवर विक्रेत्याबद्दल शेरा लिहीत, आणि शिवदासच्या नावापुढे चाळीस शेरे होते, चाळीसच्या चाळीस चांगले. ते तो अधूनमधून नुसते वाचत बसायचा.

त्या चाळीसांत पराग नावाचे एक गृहस्थ होते. शुद्ध मराठीत मेल लिहायचे, सुरुवातीला 'आदरणीय शिवदासजी'. डिसेंबरात त्यांनी दोन कोरे बिल्ले घेतले. मग लिहिलं, की कष्टकरी बायकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवतोय. जिची खूण आणि जिचं नाव माहीत आहे असा एखादा बिल्ला मिळेल का? काचेखाली ठेवीन, शेजारी त्या बाईचं नाव लिहीन. माणूस इतका साळसूद, की शिवदासला वाटलं, आपल्या मिठागराची कदर करणारा कुणीतरी भेटला एकदाचा.

असा बिल्ला घरातच होता, खुद्द आईचा. इंदुबाईचा. तीन रेघा आणि एक टिंब. पंचाहत्तरी उलटलेली म्हातारी, डोळ्यांनी जेमतेम दिसायचं, बिल्ला मात्र अजून कनवटीला असायचा. विकायचं म्हटल्यावर तिने साफ नाही म्हणून सांगितलं. मग शिवदासने तिला मेल वाचून दाखवला.

"माजं नाव? काचंखाली?" तिने विचारलं.

"हो आय. इंदुबाई हिराजी भोईर, मिठागर कामगार, मुर्धा. असंच लिहिणार म्हणतायत."

म्हातारीने कनवट सोडली. म्हणाली, "रेशनकार्डावर बी तुज्या बापाचं नाव वर हाय, माजं खाली. ने. पन नाव बरोबर लिवाला सांग."

शिवदासने साइटवर वर्णन लिहायला दोन संध्याकाळी घेतल्या. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन आई कशी चालायची, तळपायाला पडलेल्या भेगांत मीठ कसं जायचं, तीन रेघा म्हणजे तिची तीन मुलं आणि टिंब म्हणजे न जगलेली एक मुलगी, सगळं लिहिलं. आयुष्यात एवढं कधी कुणाला सांगितलं नव्हतं त्याने. ते एका भामट्याला सांगितलं, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. बिल्ला गेला. इंदुबाईने शेजारच्या सुगंधाला सांगितलं, सुगंधाने आळीला. दोघी एकाच मिठागरात पाट्या उचललेल्या.

तीन आठवड्यांनी साइटचा मेल आला. खरेदीदाराची तक्रार: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. खूण ताजी कोरलेली आहे. विक्रेत्याने आईची गोष्ट रचून साधा बिल्ला महागात खपवला आहे. शिवदासने ते दोनदा वाचलं. महागाचं एक वेळ सोडा, पण आईची गोष्ट रचली? त्याने लगेच परागना लिहिलं, साहेब, काहीतरी गैरसमज होतोय. उत्तर नाही. आता 'आदरणीय'ही नाही आणि 'शिवदासजी'ही नाही. साइटचा नियम असा, की खरेदीदाराने वस्तू परत पाठवायची, ती विक्रेत्याला पोचली की पैसे खरेदीदाराला परत. शिवदासने स्वतःची समजूत घातली, की चला, निदान आईची वस्तू घरी येतेय.

एप्रिलातल्या रणरणत्या दुपारी कुरिअरवाला आला. घामाने निथळत होता. इंदुबाई आतूनच म्हणाली, "उन्हातून आयलाय, बसव त्याला. पानी दे." बसवलं. पाणी दिलं, सरबतही दिलं. आणि पाकीट? पाकीट शिवदासने बाजूला ठेवलं. या घरात आणून देणाऱ्याच्या देखत पुडकं उघडत नाहीत. लग्नातला आहेर असो की बहिणीने पाठवलेली सुकी मासळी, माणूस गेल्यावरच गाठ सोडायची. त्याच्या तोंडावर उघडून बघणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. कुरिअरवाल्याने कागद पुढे केला, "साब, यहाँ लिखो, माल ठीक मिला." शिवदासने लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. कुरिअरवाला दुवा देऊन गेला.

मग पाकीट उघडलं. आत तीन रेघा होत्या, टिंबही होतं. पण रेघांच्या आतलं पितळ पिवळंधमक चमकत होतं, काल कोरल्यासारखं. शिवदासने बिल्ला उलटा केला. खालच्या अंगाला कल्हईचा पांढरा ठिपका. डिसेंबरात यानेच त्या माणसाला विकलेला कोरा बिल्ला. त्याच्यावर खूण कोरून त्याने तो परत पाठवला होता, आणि इंदुबाईचा ठेवून घेतला होता.

शिवदासने बिल्ला परत पाकिटात घातला. आई आतून विचारत होती, कोनाचं काय आयलं? तो म्हणाला, शाळेचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने साइटच्या हेल्पलाइनला फोन लावला. बिल्ला बदललाय, ठिपका बघा, डिसेंबरातलं माझंच वर्णन बघा, असं तासभर सांगत राहिला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, आपने साइन किया है ना?"

"किया है."

"लिखा है, माल ठीक मिला?"

"लिखा है. लेकिन खोलके नहीं देखा था."

"क्यों नहीं देखा, सर?"

याला काय उत्तर द्यायचं? समोरचा माणूस उन्हातून आला होता, हे सांगायचं? शिवदास गप्प बसला आणि त्याच्या गप्प बसण्याचा जो अर्थ काढायचा तो त्यांनी काढला. तक्रार बंद झाली. त्याच्या नावापुढे एक्केचाळिसावा शेरा लागला, लाल अक्षरांत: आईच्या नावाने फसवणारा विक्रेता. त्यानंतर महिनाभर त्याच्या एकाही बिल्ल्याला बोली लागली नाही. ज्याने केसाने गळा कापला त्याच्या नावापुढे एक डाग नाही, आणि हा मात्र चोर ठरला.

इंदुबाई मात्र वाट बघत होती. चार दिवसांआड विचारायची, भरलं का रं परदर्शन? शिवदास 'बघतो' म्हणायचा आणि बाहेर जायचा. तो रोज कॅफेत जाऊन साइटवर परागच्या खात्याचं पान बघायचा. मंदा म्हणाली, सोडून द्या, पितळेचा तुकडा तो. तिलाही ठाऊक होतं, की तो तुकडा नव्हता.

नवरात्राच्या सुमाराला बिल्ला दिसला. त्याच साइटवर, परागच्या नावाखाली, विक्रीला. फोटोत तीन रेघा आणि टिंब, रेघांत जुना काळा मळ. अस्सल. आणि खाली वर्णन. शिवदासने पहिली ओळ वाचली. त्याचीच वाक्यं होती. पाटी तीच, भेगा त्याच, न जगलेली मुलगीही तीच. फक्त 'माझी आई' होतं तिथे 'माझी आजी' झालं होतं. कुठल्या गावची, तिचं नाव काय, काही नाही. त्या हरामखोराला एक नाव लिहायचं जिवावर आलं होतं.

शिवदासने बोली लावायला बटण दाबलं. पडद्यावर आलं: विक्रेत्याने आपल्या खात्याला बोली लावायला मनाई केली आहे. त्याने तीनदा दाबलं. मग पुरावा म्हणून पानाची प्रिंट काढली, घडी करून खिशात घातली आणि घरी आला. पुरावा कुणाला दाखवायचा होता, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

इंदुबाई ओटीवर सुगंधाबरोबर बसली होती. शर्ट काढताना कागद वाजला, म्हातारीचे कान तिखट.

"कागुद कसला? परदर्शनाचा?"

शिवदासच्या तोंडून 'हो' निघून गेलं.

"वाच ना मग."

तो वाचू लागला. आजीची त्याने परत आई केली. जिथे नाव नव्हतं तिथे थांबला, आणि वाचलं, "इंदुबाई हिराजी भोईर, मिठागर कामगार, मुर्धा." म्हातारीने मान डोलावली. कागद मागितला, दिसत नसताना त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, नाव कंच्या जागी हाय? शिवदासने तिचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं. ती ओळ किमतीची होती.

सुगंधा हे सगळं बघत होती. तिने कनवट सोडली, आपला बिल्ला काढला आणि शिवदासच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

"माजा बी पाटव त्या सायबाकडं," ती म्हणाली. "सुगंधा दामोदर पाटील. बरोबर लिवाला सांग."