पांजरपोळातले दहा दिवस

आमची कुत्री मला चावली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दुसरी मोठी जर्मन लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. मंगरूळपीरला आमचं पिंजाऱ्याचं घर. अब्बा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे आणि अम्मा त्यांना टाके घालायची. कुत्रं उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही अशी आमच्यात रीत, म्हणून ती अंगणातल्या छपरात, कापसाच्या ढिगाशेजारी राहायची. तिला नाव नव्हतं. मामांनी आसेगावहून पिल्लू आणून दिलं होतं. भाकरीचा तुकडा दाखवून 'यू यू' केलं की यायची, आणि एवढ्यावर चार वर्षं भागलं होतं.

थंडीचे दिवस होते. रजयांच्या कामामुळे घरात कुणाला कुणाकडे बघायला सवड नव्हती. कुत्री दोन दिवस खात नाही हे माझ्याच लक्षात आलं. तिचं तोंड मिटत नव्हतं. खालचा जबडा लोंबत होता आणि लाळेची तार छातीपर्यंत आली होती. मला वाटलं, दात दुखत असेल. मी भाकरी दुधात कुस्करली, एका हातानं तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं घास तिच्या तोंडात सारला. तिनं माझं मनगट पकडलं. लगेच सोडलंही. मग मागे सरकून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, जणू तिलाच मार बसला होता.

मी ओरडले नाही. पण अम्मानं रक्त पाहिलं, लाळ पाहिली, आणि मला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर पुण्याकडचे, कमी बोलणारे. त्यांनी जखम साबणाच्या पाण्यानं बराच वेळ धुतली आणि काचेच्या काडीनं तिला जाळणारं औषध लावलं. मग कुत्री कुठे आहे असं विचारलं. अम्मा म्हणाली, एव्हाना लोकांनी तिला संपवलंही असेल. डॉक्टर उठून उभे राहिले.

"मारू देऊ नका," ते म्हणाले. "ती पिसाळलेली असेल तर दहा दिवसांत आपोआप मरेल. दहाव्या दिवशी जिवंत असली तर या मुलीला काही होणार नाही. आज मारलीत तर आपल्याला काहीच कळणार नाही."

पुढचं त्यांनी मला बाजूला करून अम्माला सांगितलं, तरी मी ऐकलं. पिसाळल्याच्या सुया अकोल्याला मिळत, पोटात चौदा घ्याव्या लागत, आणि त्या सुयांनी हातपाय लुळे पडलेली माणसं त्यांनी स्वतः पाहिली होती. चावा हाताचा आहे, खोल नाही, म्हणून थोडं थांबता येईल. पण कुत्री मेली, किंवा तिचं लक्षण जास्त बिघडलं, तर त्याच दिवशी निघायचं.

मी अम्माचा हात सोडून घराकडे पळाले. गल्लीतली सात-आठ माणसं काठ्या घेऊन छपरापुढे उभी होती. अब्बा सगळ्यांच्या पुढे होते आणि त्यांच्या हातात पिंजायचा लाकडी दस्ता होता. आपलं जनावर आपणच मारावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"अब्बा, मारू नका," मी म्हणाले. "डाक्टर म्हन्ते, ते मेली त मले सुया लागतीन."

अब्बांनी दस्ता खाली केला. पण गल्ली ऐकेना. समोरच्या घरातले चाचा म्हणाले की आमच्याही घरात लेकरं आहेत, पिसाळलेलं जनावर दहा दिवस इथे कसं ठेवणार? त्यांचं चुकीचं नव्हतं. अब्बांनी एका घटकेची मुदत मागून घेतली आणि ते कापडाच्या दुकानात शेठजींकडे गेले.

शेठजी जैन होते. गावाबाहेर मोटारीच्या रस्त्याला पांजरपोळ होता, म्हाताऱ्या गायी, लंगडे बैल, आंधळी घोडी असल्या कुणाला नको असलेल्या जनावरांचा. त्याचा कारभार शेठजींकडे होता. तिथे कुठलंही जनावर मारत नसत. अब्बा दर दिवाळीला त्यांच्या दुकानातल्या गाद्या उसवून पुन्हा भरून देत, एवढीच ओळख. तिथं काय बोलणं झालं ते अब्बांनी मला पुढे अनेकदा सांगितलं. मुनीमजी म्हणाले होते की कुत्रं आणि तेही पिसाळलेलं, एखाद्या गायीला चावलं तर पाप कुणाच्या माथी? शेठजी म्हणाले, "ठेवू. दगडी खोली रिकामी हाय, तिच्यात साखळीनं बांधा. पन एक सांगतो. आमी आलेला जीव मारत नाही, अन् वापस बी देत नाही. चालते?"

अब्बा चालतं म्हणाले. कागदावर अंगठा उठवून आले.

आता तिला तिथवर न्यायचं कसं? अब्बांनी कुणाचं तरी सांगून ठेवलेलं, नुकतंच भरलेलं जाड रजईचं लेपडं उचललं आणि कोपऱ्यात तिच्या अंगावर टाकून स्वतः त्यावर पडले. आत ती धडपडली. एकदा तिचं तोंड बाहेर आलं तेव्हा अम्मानं डोळे मिटले. चाचांनीच मग काठी टाकून दोराचे वेढे दिले. अब्बांनी ते गाठोडं पाठीवर घेतलं आणि भर बाजारातून चालत नेलं. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढून बघत होते. पांजरपोळापर्यंत कुणी त्यांच्या जवळ गेलं नाही.

घरी दिवस मोजणं सुरू झालं. शेजारणीनं मला सात विहिरींत डोकावायला नेलं. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर विष चढत नाही, असं ती म्हणे. सहा विहिरींत मला माझं तोंड दिसलं. सातवीत पाणी फार खोल होतं आणि काहीच दिसेना. मी दिसलं म्हणून सांगितलं. हे खोटं बोलणं त्या दिवसांत मला चाव्यापेक्षा जास्त खात होतं. अम्मा माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवायची आणि मी पिईपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहायची. तिच्या त्या बघण्यानंच माझा घोट अडकायचा. अडकला की ती पांढरीफटक व्हायची. मग मी एकटीच रांजणापाशी जाऊन ओंजळीनं प्यायचे, जमतंय ना हे पाहायला.

अब्बा रोज पहाटेच्या नमाजनंतर पांजरपोळात जात आणि परतल्यावर आधी अम्माशी बोलत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, तशीच आहे. तिसऱ्या दिवशी सांगितलं, पाणी ठेवलं पण प्यायली नाही. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं, हे अम्माला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी अब्बा तिच्याशीही बोलले नाहीत. त्यांनी पेटीतून माझे दोन झगे काढून पिशवीत घातले. कुत्री आडवी पडली होती, डोळे उघडे होते आणि हाक मारली तर कानही हलत नव्हता. अकोल्याची मोटार सकाळी सुटायची.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. मोटारीचा अड्डा पांजरपोळाच्या वाटेवरच होता. अब्बा म्हणाले, शेवटचं पाहून घेऊ, ती गेली असेल तर डॉक्टरला नीट सांगता येईल. मला त्यांनी फाटकाशी थांबायला सांगितलं, पण मी मागोमाग आत गेले.

दगडी खोलीच्या दाराशी एक बाई उकिडवी बसली होती. पांजरपोळात शेण काढायला, वैरण घालायला असलेली ही धनगराची विधवा, पन्नाशीची, हातांनी पुरुषासारखी. पुढे मी तिला मावशी म्हणू लागले. अब्बांना पाहून ती उठली नाही.

"हे पान्याले भेत नाही," ती म्हणाली. "मी रातभर पायलं. भांड्यात सारं तोंड बुडवते, पन आत जात नाही. आत काईतरी अटकून हाय."

अब्बा म्हणाले, मोटारीची वेळ झाली.

"जा ना मंग. पन मले तेवढी साखळी धरून द्या अन् जा."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मग पिशवी खाली ठेवली.

मी जाळीच्या खिडकीतून सगळं पाहिलं. अब्बांनी साखळी भिंतीच्या कडीतून ओढून कुत्रीचं डोकं दगडाशी धरलं. मावशीनं हाताला पोत्याचं फडकं गुंडाळलं, कुत्रीच्या जबड्यात बाभळीची जाड काडी आडवी घातली आणि चुलीतला चिमटा आत नेला. कुत्री घशातून असा आवाज काढत होती की आवारातल्या गायी दावणीला हिसके देऊ लागल्या. चिमटा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा मावशीनं चिमटा टाकला, फडकं सोडलं आणि उघडी बोटं आत घातली. अब्बा नको नको म्हणत होते. काडी मोडल्याचा आवाज आला. मावशीनं हात बाहेर काढला तेव्हा तिच्या बोटांत एक चपटं हाड होतं, टाळूवर दाढांच्या मधे आडवं बसलेलं, काळं पडलेलं. आणि तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दाताचा लांब ओरखडा होता.

कुत्रीनं पाण्यात तोंड घातलं. या वेळी पाणी आत गेलं. ती थांबून थांबून, खोकत प्यायली आणि भांडं चाटून पुसून काढलं.

अकोल्याची मोटार भोंगा वाजवत फाटकासमोरून गेली. अब्बा तिच्याकडे बघत राहिले, पण धावले नाहीत.

आम्ही तिघं तडक दवाखान्यात गेलो. मावशीची जखमही डॉक्टरांनी तशीच जाळली. हाड निघालं हे चांगलं झालं, ते म्हणाले. पण त्यावर विसंबू नका, पिसाळलेलं कुत्रंही लाकूड, हाड, काय वाटेल ते चावतं. पाच दिवस राहिलेत, ते पुरे मोजा. मग त्यांनी अब्बांना थेट विचारलं की उद्याची मोटार धरता का.  अब्बा म्हणाले, थांबतो.

घरी अम्मा त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. पोरीच्या जिवावर जुगार खेळून राह्यले, एवढंच एकदा म्हणाली, तेही भिंतीकडे पाहून. अब्बांनी कामाला हात लावला की पिंजायच्या कमानीची तात तुटायची. नाही तर ती त्यांच्या हातून कधी तुटत नसे. सहाव्या दिवशी कुत्रीनं दूधभात खाल्ला. सातव्या दिवशी ती मावशीच्या अंगावर भुंकली, म्हणून अब्बा परत काळजीत पडले. आठव्या दिवशी मला ताप आला. साधा थंडीचा ताप होता, पण त्या संध्याकाळी नमाज पढून अम्मा जानमाजवरून उठलीच नाही, आणि अब्बा उंबऱ्यावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिले. मी मरणार असेन तर कुत्रीला ते कळेल का, असा विचार मी करत होते. सकाळी ताप उतरला.

दहाव्या दिवशी डॉक्टर स्वतः पांजरपोळात आले. त्यांनी कुत्रीला लांबून पाहिलं, मग जवळ जाऊन पाहिलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, झालं. अब्बांनी टोपी काढून तोंड पुसलं. मावशी तोवर वैरण टाकायला निघूनही गेली होती.

शेठजी आले होते. अब्बांनी कागदावरच्या अंगठ्याची आठवण स्वतःच काढली आणि तरीही कुत्री परत मागितली. मुनीमजींनी नियम सांगितला. शेठजी म्हणाले, "नियम मारायच्या भेवानं केला हाय. ज्यानं तिले वाचवासाठी आनली त्याले कसा लावू? न्या. पन मी सांभाळीन असं पोरीले तिच्या तोंडानं सांगू द्या."

मावशीनं परत येऊन साखळी सोडली. कुत्री आवार ओलांडून सरळ माझ्याकडे धावत आली, कान मागे टाकून, पूर्वी यायची तशीच. आणि मी अब्बांच्या मागे लपले. ठरवून नाही. माझे पायच तिकडे गेले. ती अब्बांच्या पायांभोवती फिरून माझ्याकडे यायला बघत होती आणि मी त्यांचा सदरा धरून दुसऱ्या बाजूला फिरत होते. सगळे बघत होते. दहा दिवस मी तिच्या जिवासाठी दुवा मागितली होती. ती दुवा तिच्यासाठी होती की माझ्यासाठी, ते मला त्या क्षणी कळलं आणि तोंड वर करवेना.

"नेऊ का बेटा?" अब्बांनी विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून.

शेठजी काही बोलणार होते, पण मावशी मधे आली. "राहू द्या तिले इथं," ती म्हणाली. "पोरीच्या मनातलं भेव निघालं नाही अजून. त्यात तिचा काय गुन्हा?" तिनं कुत्रीच्या गळ्यात हात घालून तिला नेलं. कुत्री दोनदा वळली.

ती तिथेच राहिली. अब्बा दर थंडीला पिंजणातला उरलासुरला कापूस भरून वासरांसाठी झुली करून देत आणि परतल्यावर, मी न विचारताही, तिचं कसं चाललंय ते सांगत. मी मात्र पुढची तीन वर्षं त्या रस्त्यानं गेले नाही. माझं लग्न ठरलं, मी रिसोडला जाणार हे नक्की झालं, तेव्हा अब्बांबरोबर गेले. कुत्री आंधळ्या घोडीच्या सावलीत पडली होती. थोराड झाली होती, तोंडाभोवती पांढरी. मी जवळ बसले. तिनं डोकं उचलून माझा हात हुंगला आणि पुन्हा खाली ठेवलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी तिच्या मानेवर हात ठेवला. मला अजून भीती वाटत होती, पण हात मी काढला नाही.

मावशी गवताचा भारा सोडत होती. मी तिला विचारलं, ओरखडा लागल्यावर ते पाच दिवस तुम्हाला भीती वाटली नाही का?

"लागत होतं ना," ती म्हणाली. "भेव कोनाले नाही लागत? म्हून मी तिच्याचपाशी जाऊन बसत होती. ते जेवली की मले बी जेवन जाये." मग तिनं भाऱ्यातलं थोडं गवत माझ्याकडे सरकवलं आणि घोडीपुढे टाकायला सांगितलं.