मागच्या डाव्या कोपऱ्यातली घंटी

चष्मेवाल्यांच्या तोंडी दिवसभर एकच प्रश्न असे. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "आता बरं की आधी बरं?" वर्षानुवर्षं विचारून विचारून हा प्रश्न त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की बायकोने घरात नवी चादर अंथरली तरी ते दारात उभे राहून जुनी कशी दिसत होती ते आठवू लागत. त्यांना तुलना करायला फार आवडे. निकाल लागला नाही तरी चालेल, पण तुलना झाली पाहिजे.

त्यात त्यांची एक खोडी होती. मधेच ते काच काढल्यासारखं करत, खण उगाच खडखड वाजवत आणि तीच काच पुन्हा बसवत. "आता?" दहातले निम्मे लोक म्हणत, "आता छान." अशा माणसाची पुढची उत्तरं ते जरा बेतानेच घेत. लोक खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांना सुधारणा झालेली हवी असते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ही खोडी त्यांनी स्वतःच्या बायकोवरही करून पाहिली होती. झालं असं, की आदल्या वर्षी तिने जेवणाच्या टेबलावरची आपली जागा अचानक बदलली. लग्नापासून ती त्यांच्या डाव्या हाताला, खिडकीसमोर बसत आलेली. एक दिवस उठली आणि उजव्या हाताला येऊन बसली. का, तर म्हणे तिरीप डोळ्यांवर येते. चष्मेवाल्यांच्या घरात डोळ्यांची तक्रार म्हणजे गंमत नव्हे. त्यांनी तिला दुकानात नेऊन तपासलं. तीच काच दोनदा घातली तेव्हा ती म्हणाली, "अहो, ही तीच आहे." पुन्हा महिन्याभराने तपासलं, तरी काही निघालं नाही. शेवटी त्यांनी खिडकीला जाड पडदा लावला. तरी ती काही परत डावीकडे गेली नाही. बायकोच्या डोळ्यांत दोष सापडेना म्हणून नाराज झालेला हा जगातला एकच नवरा असावा.

आता त्यांचं दुसरं वेड. तरुणपणी कुणाकडे तरी त्यांनी प्रोग्रेसिव्ह रॉकचा एक अल्बम ऐकला आणि ते कायमचे त्याचे झाले. पाच जणांचा बँड, रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापणारं एकच गाणं, त्यातली निम्मी वाट शब्दांशिवाय. मुखपृष्ठावर पाण्यात उतरत गेलेला एक जिना. बायकोने लग्न झाल्या झाल्या त्याचं नाव 'जिना' ठेवलं आणि घरात तेच रुजलं. "जिना संपला की जेवायला या," असं ती स्वयंपाकघरातून सांगायची. तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यामुळे भाऊजींचा जिना आणि मेहुण्याची लिफ्ट यावर घरात जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेले होते. तरी दर रविवारी ते पुन्हा होत.

जिन्याच्या सराउंडच्या, म्हणजे चारी बाजूंनी आवाज येणाऱ्या, तीन डिस्क चष्मेवाल्यांकडे होत्या. मूळ अल्बम निघाला त्या काळातली चार स्पीकरांची मांडणी, दोन पुढे, दोन मागे, ती पहिली. पुढे कुणीतरी त्याच मूळ टेपा काढून सगळे आवाज नव्याने जागोजागी बसवले, ती दुसरी. आणि अलीकडे तिसऱ्या कुणीतरी पुन्हा तेच केलं, ती तिसरी, मेहुण्याने वाढदिवसाला दिलेली. जुनी, मधली आणि नवी. गाणं एकच, वाजवणारे तेच, वाजवलेलंही तेच. तरी जुनीत ड्रमवाला चक्क पाठीमागे बसलेला, मान वळवून बघावंसं वाटे. मधलीत सगळे शहाण्यासारखे पुढे येऊन उभे आणि मागे नुसता ऑर्गन धुक्यासारखा पसरलेला. नवीत गिटारवाल्याचं बोट तारेवरून घसरलं तेही ऐकू येई. एकच घर तीन भाडेकरूंनी आपापल्या परीने लावावं तसं ते होतं. चष्मेवाल्यांना या प्रकाराचं नवल कधी सरलं नाही.

ऐकायची खोली छोटी, पण बंदोबस्त मोठा. मधोमध खुर्ची, आणि तिच्या चारही पायांखाली फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा. झाडलोट करताना खुर्ची हलली तरी परत अचूक खुणांवर यायला हवी, असा हुकूम होता. एवढी शिस्त त्यांच्या दुकानातही नव्हती.

त्या रविवारी दुपारी मेहुणा आला होता. नवी डिस्क लागली. अर्ध्या वाटेवर ऑर्गन विरत जातो आणि पुन्हा गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी हलकेच एक छोटी घंटी वाजवतं. चष्मेवाले त्या जागेची नेहमी वाट बघत. जुनीत ती मागच्या उजव्या कोपऱ्यात वाजे. मधलीत मागे दोन्हीकडे. ऑर्गन विरला. चष्मेवाले कान टवकारून बसले. गाणं सुरू झालं.

"घंटी खाल्ली की यांनी," ते म्हणाले.

"आहे की भाऊजी," मेहुणा म्हणाला. "मागे, डावीकडे. टिंग."

"कुठे?"

"अहो, घंटी ऐकणं हा माझा धंदाच आहे. मजला आला की टिंग."

पुन्हा लावली. मेहुण्याला आली, त्यांना आली नाही. तेव्हा चष्मेवाल्यांनी आपलं हत्यार काढलं. मेहुण्याला पाठमोरा बसवून त्यांनी जुनी डिस्क लावली, मग उठून डब्या वाजवल्या, खुडबुड केली आणि तीच जुनी पुन्हा लावली. "आता बरं की आधी बरं?"

"आता," मेहुणा ठामपणे म्हणाला. "आता एकदम मोकळं वाटतंय."

चष्मेवाले मनापासून हसले. मेहुण्याचे कान निकालात निघाले आणि नव्या डिस्कवर ठपका बसला. मेहुणा बिचारा स्वतःच दिलेल्या भेटीकडे संशयाने बघत घरी गेला.

पण हसू ओसरल्यावर चष्मेवाल्यांच्या मनात एक किडा वळवळायला लागला. घंटी खरंच नसेल तर ठीक. असेल आणि आपल्यालाच येत नसेल तर? दुकानात गिऱ्हाइकाची खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला होती. अंधारात लोक अक्षरं पुटपुटत, 'पहिली', 'दुसरी' असं हळू सांगत. अलीकडे दोनतीन चष्मे नंबर चुकला म्हणून परत आले होते आणि त्यांनी काचा घासणाऱ्या कारखान्याला बोल लावला होता. कान गेला तर जिना तर जाईलच, पण दुकानाचंही कठीण होतं. त्यांनी हा विचार झटकला आणि ते तपासाला लागले, कारण तपास करत राहिलं की घाबरायला सवड मिळत नाही.

मागच्या दोन स्पीकरांच्या तारा त्यांनी एकमेकींच्या जागी लावल्या. म्हणजे डावीकडचं आता उजवीकडून येणार. नवी डिस्क लावली. ऑर्गन विरला, आणि मागे उजवीकडे घंटी वाजली.

पुढचं न ऐकताच त्यांनी डिस्क थांबवली आणि मेहुण्याला फोन केला. "डिस्क निर्दोष आहे रे. माफ कर."

"मग दोष कशात आहे?"

"शोधतोय."

डावा स्पीकर खराब असणार. त्यांनी दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली आणि तारा होत्या तशा जोडल्या. डावीकडे घंटी नाही. म्हणजे स्पीकरही सुटला. मग तार नवी आणली. तीही सुटली. आता राहिला तो कोपरा. डाव्या कोपऱ्यात कपड्यांचं कपाट होतं, आणि कपडे आवाज पितात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कपाट रिकामं करून, ढकलून, खोलीबाहेर काढलं. मग त्या खोलीतला पडदा उतरवला. एक जुनी गादीही होती, तिलाही खोलीबाहेर काढलं. बैठकीच्या खोलीत कपड्यांचे ढीग लागले आणि बायको त्यातून वाट काढत चहा घेऊन आली.

"कोपऱ्यात काही सापडलं का?"

"कोपराच कुठेतरी गडबड करतोय."

ती दाराला टेकली. "खुर्ची फिरवून बघा ना."

"खुर्ची कशाला?"

"तारा फिरवल्यात, खोकी फिरवलीत, कपाट बाहेर काढलंत. खुर्ची तेवढी राहिली. मागच्या भिंतीकडे तोंड करून बसा. डावा कोपरा उजवीकडे येईल."

"खुणा आहेत तिच्या."

"खुणा काय पळून जाणार आहेत?"

चष्मेवाल्यांनी चहा संपवला आणि आज दमलोय म्हणाले. खुर्ची फिरवली तर काय कळेल हे त्यांना चांगलंच कळत होतं. उजव्या कानाला घंटी आली, की मग संशय घ्यायला दुसरं कुणी उरत नव्हतं. तो अख्खा आठवडा त्यांनी खुर्चीकडे कानाडोळा केला. संगीतच लावलं नाही. कपाट दाराबाहेर तसंच उभं राहिलं.

शनिवारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. चष्मेवाले म्हणाले, "उजवा डोळा तळहाताने झाका आणि खालची ओळ वाचा." गृहस्थांनी घडाघडा वाचली. चष्मेवाल्यांनी वाकून बघितलं.

"काका, बोटांच्या फटीतून बघताय."

"तो पुरता झाकला की काही दिसत नाही हो," काका ओशाळून म्हणाले.

"म्हणून तर झाकायचा."

हे त्यांनी हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी मात्र बोलता बोलता ते थांबले. काका पुढच्या सूचनेची वाट बघत बसले आणि चष्मेवाले हातात काच धरून नुसतेच उभे. मग त्यांनी काकांचा नंबर काढला, प्रत्येक उत्तर दोनदा वदवून घेतलं आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

घरी येऊन त्यांनी बूटही काढले नाहीत. खुर्ची उचलली, फिरवली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून तिचे पाय खुणांवर नीट बसवले. "अगं, लाव," ते म्हणाले. बायकोने नवी डिस्क लावली.

ऑर्गन सगळीकडून आला आणि विरत गेला. आणि आता उजव्या हाताला आलेल्या त्या कोपऱ्यात घंटी वाजली. स्वच्छ, बारीक. आणि तिच्या पाठोपाठ आणखी एकदा, वाजवणाऱ्याने घाईने हाताने दाबल्यासारखी.

"दोनदा आहे गं ती," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला एकदाच वाटायची. जुन्यांत दुसरी ऑर्गनखाली बुडत असणार. हिच्यात दोनदा आहे."

ते त्या शोधाने खरोखर खूश झाले होते. मग गाणं सुरू झालं, ते ऐकत बसले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. बायकोने पुढे होऊन आवाज बंद केला.

"डावा," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"मागच्या वर्षीपासून. डावीकडून काही म्हटलं की तुम्ही हसून मान हलवायचात. एकदा विचारलं, गॅस बंद केलात का, तरी हसून मान हलवलीत. गॅस चालू होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

चष्मेवाले सबंध खुर्चीच वळवून तिच्याकडे तोंड करून बसले. "आणि ती तिरीप?"

"कसली तिरीप घेऊन बसलात. उजवीकडे बसलं की तुम्ही उत्तरं देत होतात, एवढंच."

"मी दोनदा तपासलं तुला."

"मग? डोळे उत्तम आहेत म्हणालात. बरं वाटलं मला."

त्यांना लाज वाटली. वर्षभर ही बाई एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसली होती आणि त्यांनी तिच्यासाठी पडदा शिवून आणला होता.

पुढचं मग पटापट झालं. कानाच्या दवाखान्यात एका मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि बीप आला की बटण दाबायला सांगितलं. चष्मेवाल्यांनी तिला विचारलं, मधे मधे तुम्ही काहीच न वाजवता माणूस दाबतो का ते बघता की नाही? ती हसली आणि बघतो म्हणाली. या धंद्यावर त्यांचा विश्वास तिथेच बसला. दुकानात त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची उजव्या हाताला घेतली. परत आलेले चष्मे नव्याने बनवून दिले आणि कारखान्यात जाऊन तिथल्या माणसाची माफी मागितली.

डाव्या कानात यंत्र बसवून ते घरी आले, तेव्हा मेहुणा मुद्दाम येऊन बसला होता. खुर्ची पुन्हा पुढे तोंड करून ठेवली गेली. नवी डिस्क लागली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात घंटी दोनदा वाजली. पत्र्याच्या डबीवर चमचा आपटावा तशी.

"आली?" मेहुण्याने विचारलं.

"आली. पण वाईट आली."

"सवय होईल, भाऊजी. लिफ्टमधलीही अशीच असते, लोक रोज ऐकतात."

मेहुणा गेला. संध्याकाळी टेबलावर चहा आला. बायको कप घेऊन नेहमीच्या सवयीने उजवीकडे वळली, थांबली, आणि टेबलाला वळसा घालून खिडकीसमोरच्या आपल्या जुन्या खुर्चीत, त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसली. पडदा तिने बाजूला सारला होता. उन्हाची तिरीप सरळ तिच्या तोंडावर आली आणि तिने डोळे किलकिले केले.

मग कपात बघतच, अगदी हळू, ती म्हणाली, "आता बरं की आधी बरं?"

चष्मेवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

तिचा चेहरा क्षणभर पडला. तिने प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने.

"तसं नाही," ते म्हणाले. "पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. तसंच हळू म्हण, परत एकदा."