दत्तारामांचं गरम पाणी

दत्ताराम गावडे लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या समोरच्या खोलीत राहतात. गिरणीच्या रंगखात्यात त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली. गिरणी कधीच बंद झाली, पण माणूस भेटला की ते अजून आधी त्याच्या कपड्याचा रंग बघतात. माझी नवी साडी पाहून एकदा म्हणाले होते, "बाई, ह्यो निळो दोन धुण्यांत जातलो." आणि गेलाच.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, राधाबाईंना, रक्ताचा कॅन्सर निघाला. सत्तरी उलटलेली, जबर केमो झेपणार नव्हती. म्हणून परळच्या इस्पितळात दर महिन्याला आठवडाभर पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन सुरू झालं. पेशीने कसं वागायचं याच्या सूचना तिच्या आतच असतात. या आजारात त्यांतल्या काही झाकल्या जातात आणि हे औषध ते झाकण काढतं, असं आम्हांला समजावलं होतं. सुरुवातीचे महिने छान गेले. राधाबाई पुन्हा बाजारात जाऊन स्वतः बांगडे निवडू लागल्या. मग रिपोर्ट बिघडले.

त्यांची मुलगी चैत्राली माझी जुनी विद्यार्थिनी. ती लग्न होऊन बंगळुरूला असते, म्हणून डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मी जाते. डॉक्टर तरुण मुलगी, बोलायला मायाळू.

"आजोबा, औषध रक्तात पोचतंय. पण आजारी पेशी बहुतेक ते आत घेत नाहीयेत. आत घ्यायच्या त्यांच्या वाटा कमी झाल्या असाव्यात. नक्की नाही सांगता येत."

"मगे डोस वाढवा."

"वाढवला तर चांगल्या पेशी मरतील. अजून एकदा देऊन बघू. नाहीच झालं, तर थांबावं लागेल."

परत आल्यावर राधाबाई पुढे गेल्या, दत्ताराम मात्र चाळीच्या जिन्यात थबकले.

"बाई, सुताक पिठाची खळ ऱ्हवली तर रंग भायरच ऱ्हवता. कितीव रंग घाला, आत शिरणा नाय. आमी पयली खळ काढू, गरम पाण्यान."

"दत्तारामभाऊ, ते सुताचं झालं."

"मगे पेशी कसली असता?"



शेवटच्या इंजेक्शनांच्या आठवड्यात रोज सकाळी त्यांच्या खोलीत स्टोव्ह पेटे. दत्ताराम बादलीतल्या पाण्यात कोपर बुडवून पाहत आणि राधाबाईंचे पाय त्यात सोडायला लावत. वर गरम पाणी प्यायलाही.

"मी काय मांजरपाट आसंय?" राधाबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. "गिरणीत कापडां रंगवलात, आता बायलेक रंगवा!"

"गप ऱ्हव. पाय वर काढू नको."

मी हळूच डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याने औषधावर काही फरक पडणार नाही. चटका बसू देऊ नका, एवढंच." घरी येऊन मी दत्तारामांना फक्त चटक्याचं सांगितलं.

पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं. आता लागेल तेव्हा रक्त चढवायचं, दुखलं तर गोळी द्यायची. राधाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. दत्ताराम टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते.

"डाक्तर, पाणी कमी गरम होता काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "नाही आजोबा. पाण्याची काही चूक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहा घेऊन गेले, तर स्टोव्ह पेटलेला.

"आता कित्याक?" राधाबाई म्हणत होत्या. "इंजेक्शन बंद झाला मा?"

"पाय गार आसत तुजे," दत्ताराम म्हणाले.

 राधाबाईंनी साडी घोट्यांवर घेतली आणि पाय बादलीत सोडले. दत्तारामांनी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि आणखी थोडं कढत ओतलं.