मिसरीची डबी

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांचं डोकं सारखं दुखायचं, म्हणून भूमहून त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला बारीक फुगा आलेला निघाला. आता कवटी उघडणार, असंच मी धरून चालले.

डॉक्टर म्हणाले, "आजी, फुगा लहान आहे. तुमच्या वयाला ऑपरेशनचाच धोका जास्त. रक्तदाबाची गोळी रोज घ्या, तंबाखू बंद करा."

"तंबाखू म्या खातच न्हाय," आत्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. दिवसातून चारदा मिसरी लावायच्या, पण मिसरीला आमच्याकडं कुणी तंबाखू म्हणत नव्हतं. मी परक्या माणसापुढं कधी बोलले नव्हते. तरी म्हणाले, "मिसरी लावतात. तंबाखूच भाजून करतो आम्ही."

"मग तीच सोडायची."

बाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मुकी हुतीस, आजच वाचा आली व्हय गं?" मग कमरेची डबी काढून माझ्या हातात दिली. "तुझी बी काढ. तू लावताना म्या बघत बसू का?"

दोन्ही डब्या मी स्टँडवरच टाकल्या. एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला मी आपणहून सांगितलं, "आमच्या आत्यांचं ऑपरेशन टळलं."