धावपट्टीवरचा भाकरतुकडा

उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून तेव्हा हौशी लोकांना पन्हाळा वरून दाखवायला छोटं विमान उडायचं. ते उतरायच्या आधी पट्टीवरची गुरं-माणसं हाकलायचं काम सत्तूबाचं. त्याच्या शिव्या ऐकून म्हशीसुद्धा वाट सोडायच्या.

एकदा एक जागा रिकामी राहिली. पायलट म्हणाला, "चल, बस!" भीतीनं डोळे मिटलेल्या सत्तूबाला पन्हाळा काही दिसलाच नाही. उतरताना त्यानं डोळे उघडले, तर पट्टीच्या मधोमध त्याची बायको हौसाबाई उभी! हातात भाकरीचा तुकडा, पाण्याचा तांब्या. नवरा आभाळातनं परत येतोय, मग ओवाळून टाकायला नको?

"अगं ए, सर बाजूला!" सत्तूबा काचेवर थापा मारत ओरडला.

"हिला कोणी हाकलत का नाही?" पायलट किंचाळला.

"हाकलणारा मी हितं हाय की!"

विमान तिच्या डोक्यावरून कसंबसं वर उठलं. मागं वळून बघायची सत्तूबाची छाती झाली नाही.

दुसऱ्या फेरीला ते उतरलं, तेव्हा हौसाबाई कडेला बसली होती. सत्तूबानं एक शिवी दिली नाही. तिच्या आवळलेल्या मुठीतला तुकडा सोडवून घेतला, तिच्यावरूनच ओवाळला आणि लांब भिरकावून दिला.